जुनी विंडोज आयएसओवरून टाकायचीय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच, अरे जुन्या मशीनवर विंडोज एक्सपी टाकायचीय, आयएसओ मिळालीय, आता पुढे काय. प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. माझा हा धंदा नाही. गिरगावात मामाचा छोटा प्रेस आहे, लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, बारशाची आमंत्रणं असलं काम, आणि तिथलं २००६ सालचं एक मशीन आजवर मीच ढकलत ढकलत जिवंत ठेवलंय, त्यामुळे जे काही येतं ते त्या डब्यावर शिकलेलं आहे, बरंचसं मामाच्या शिव्या खात. प्रश्नांना क्रम वगैरे नाही, लोक जसे विचारतात तसे घेतलेत.

२००१ ची विंडोज आज कुणाला पाहिजे? येडे आहात का?

एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ ला बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट बंद केला, म्हणजे सरळ हिशोबाने ती कधीच वारली. पण तिच्यावर चालणारी कामं वारली नाहीत ना. मामाकडे पेजमेकर आहे, छापायची पानं मांडायचं सॉफ्टवेअर, ७ नंबरचा, त्याच्या पुढची आवृत्ती कधी निघालीच नाही, आणि त्याला युनिकोड, म्हणजे आज मोबाइलवर चालते ती मराठी, कळत नाही. फॉन्ट सगळे जुन्या पद्धतीचे, म्हणजे श्रीलिपी, आकृती, आयएसएमच्या जमान्यातले, जिथे इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचा तुकडा बसवलेला असतो. असे हजारभर पत्रिकांचे नमुने त्या मशीनमध्ये पडलेत. कुणाकडे प्लॉटर असतो, कुणाकडे वर्कशॉपमधलं मशीन असतं ज्याचा ड्रायव्हर फक्त एक्सपीचा आहे, आणि कुणाला नुसतं लहानपणीचं पिनबॉल खेळायचं असतं. तेही चालेल, पण त्याच्यासाठी खरं मशीन उघडू नका, खाली व्हर्च्युअल मशीनचं, म्हणजे चालू विंडोजच्या आत चालणाऱ्या खोट्या मशीनचं, लिहिलंय ते बघा.

आयएसओ म्हणजे झिप फाइल का?

नाही, आणि अर्धे लोचे इथेच होतात. आयएसओ म्हणजे अख्ख्या सीडीचा जसाच्या तसा साचा, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत, एकेका सेक्टरमध्ये २०४८ बाइट. नाव आलंय १९८८ च्या आयएसओ ९६६० या स्टँडर्डवरून, सीडीवर फायली कशा मांडायच्या ते त्यात ठरवलंय. मशीन चालू झाल्यावर सीडीवरून बूट कसं व्हायचं हे मात्र त्यात नव्हतं, ते १९९५ मध्ये फीनिक्स आणि आयबीएमने ठरवलं, एल टोरिटो म्हणतात त्याला. तो बूटचा भाग साच्यात असतो, फोल्डरमध्ये दिसत नाही. म्हणून तुम्ही आयएसओ उघडून आतल्या फायली कॉपी करून सीडीवर टाकल्या तर सीडी दिसते मस्त, सगळ्या फायली आहेत, पण बूट होत नाही. बर्न करताना "इमेज बर्न करा" असाच पर्याय निवडायचा. विंडोज सेव्हनपासून पुढे तर फाइलवर राइट क्लिक केलं की तो आपोआप येतो.

बरं, सगळ्यात आधी काय करू?

जुन्या हार्ड डिस्कची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी, काढा. सीडी, बायोस (मशीन चालू होताना आधी चालणारा मूळ प्रोग्रॅम), की (विंडोजचा २५ अक्षरी नंबर), ड्रायव्हर, सगळं नंतर. हे मी ओरडून सांगतो तरी लोक ऐकत नाहीत, म्हणून आमची कथा सांगतो.

२०१७ मध्ये मामाचं मशीन सारखं अडकायला लागलं. मी तेव्हा बाहेरगावी. मामाने लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून मुलगा बोलावला, मुलगा हुशार, हात पटापट चालतात, त्याने सीडी टाकली, निळ्या स्क्रीनवर दोन पार्टिशन दिसली, त्याने दोन्ही उडवली आणि एकच मोठं पार्टिशन करून एक्सपी टाकून दिली. तासाभरात मशीन एकदम कडक. पैसे घेऊन पोरगा गेला. संध्याकाळी मामा डी ड्राइव्ह उघडायला गेला तर डी ड्राइव्हच नाही. अकरा वर्षांचे नमुने त्याच्यात. मला फोन आला तेव्हा मामा शिव्यासुद्धा देत नव्हता, त्यावरून समजलं काय झालंय ते.

नशीब एवढंच की मामाने त्यानंतर मशीन बंद करून ठेवलं. वरून फक्त एक्सपीच बसली होती, डी ड्राइव्हचा बराच भाग लिहिला गेला नव्हता, रिकव्हरी करून साधारण तीन चतुर्थांश परत मिळालं, पण फाइलींची नावं गेली. आजही तिथे नंबरच्या नावाच्या शेकडो फायली आहेत आणि "पाटील-सावंत, वैशाख" शोधायचं तर एकेक उघडून बघावं लागतं.

तर इमेज कशी काढायची. डिस्क मशीनमधून बाहेर काढा. जुनी आयडीई डिस्क, म्हणजे रुंद पट्टीच्या वायरची, असेल तर आयडीई ते यूएसबी ॲडॅप्टर मिळतो, त्याच्याबरोबर डिस्कला करंट द्यायचा वेगळा ॲडॅप्टर येतो का ते बघून घ्या, नुसत्या यूएसबीच्या करंटवर मोठी साडेतीन इंची डिस्क फिरत नाही. मागचा जंपर मास्टरवर असू दे. मग दुसऱ्या मशीनवर लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह लावून डीडीरेस्क्यू चालवायचं. डिस्क कॉपी करायच्या साध्या डीडी कमांडपेक्षा हे बरं, कारण खराब सेक्टर आला तर ते तिथे डोकं आपटत बसत नाही, आधी चांगला भाग उचलतं आणि मग मागे फिरून खराब जागा चाटतं, आणि मॅप फाइल दिलेली असेल तर मध्येच लाइट गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. डिस्क टक टक टक आवाज करत असेल तर सारखी चालू बंद करू नका, एकदाच लावा, एकदाच काढा.

ही इमेज हातात असली की बिनधास्त. पुढे कितीही वाट लावा, परत यायला रस्ता आहे.

आयएसओ आणू कुठून? ॲबंडनवेअर आहे ना, म्हणजे फुकटच?

ॲबंडनवेअर म्हणजे कंपनीने सोडून दिलेलं सॉफ्टवेअर, पण असला काही कायद्यातला शब्द नाही. कंपनीने विकणं बंद केलं म्हणजे कॉपीराइट संपला असं होत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, तुमच्याकडे मूळ सीडी असेल तर तिचीच आयएसओ बनवा, इमेजबर्न (ImgBurn) सारखं कुठलंही टूल ते करतं, लिनक्सवर डीडीने होतं. स्वतःची सीडी, स्वतःची की, स्वतःचं मशीन, झोल नाही.

फोर्टच्या फुटपाथवर एके काळी "टेन इन वन" सीड्या मिळायच्या, एकाच सीडीत दहा विंडोज, वरून फोटोशॉप. त्यांची कॉपी अजून फिरतेय वेगवेगळ्या नावांनी, त्यात कुणीतरी आधीच हात घातलेला असतो, थीम बदललेली, अँटिव्हायरस उडवलेला, आणि आत काय बसवलंय देवाला माहीत. "गोल्ड", "अल्टिमेट", "ब्लॅक एडिशन" असलं नाव दिसलं की कल्टी मारायची.

हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा ठसा, जुळवून बघा. मूळ सीड्यांच्या इमेजचे हॅश मायक्रोसॉफ्टने डेव्हलपर लोकांसाठी स्वतः छापले होते, ते अजून सापडतात. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही कमांड आधीपासून असते, तिला हॅशफाइल म्हणून फाइल दिली की लांबलचक आकडा देते. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी ती फाइल मूळ नाही, किंवा डाउनलोड अर्धवट झालंय.

विंडोजच्या आधीच्या डॉससाठी मात्र काहीच वांदा नाही, फ्रीडॉस आहे, १९९४ पासून चाललंय, कायदेशीर आणि फुकट.

माझी मूळ सीडी मशीन वाचतच नाही.

आपल्या मुंबईच्या हवेत सीडीला बुरशी लागते. कपाटात प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये वीस पावसाळे काढलेत तिने, अजून काय होणार. ट्यूबलाइटसमोर धरून बघा, सुईने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर वरचा चमकता थरच गेलाय, तिथे काही करता येत नाही. पण ठिपके नसतील आणि खालच्या बाजूला नुसतं धुकं किंवा चिकटपणा असेल तर कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवा, मऊ सुती फडक्याने मधून बाहेर असं पुसा, गोल गोल नाही. आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा, जुन्या जाड डीव्हीडी रायटरने वाचलेली सीडी नव्या बारीक लॅपटॉप ड्राइव्हने नाकारलेली मी स्वतः बघितलीय.

की चुकीची आहे म्हणतंय, पण मी स्टिकरवरूनच टाकतोय.

दोन कारणं. एक, कॅबिनेटवरच्या स्टिकरची की ओईएमची, म्हणजे मशीनबरोबर आलेली, असते आणि तुमची आयएसओ रिटेलची (दुकानात सुटी विकलेली) किंवा व्हॉल्यूमची (ऑफिसांना घाऊक दिलेली) असते. एक्सपीमध्ये ह्या तिन्ही सीड्या वेगळ्या, एकीची की दुसरीला चालत नाही. होमची प्रोफेशनलला तर नाहीच नाही.

दुसरं, वाचण्यातली चूक. २५ अक्षरं, ती पण घासलेली. इथे एक युक्ती आहे जी मला फार उशिरा कळली. एक्सपी ते सेव्हनपर्यंतच्या कीमध्ये फक्त २४ चिन्हं वापरलेली असतात. शून्य, एक आणि पाच नसतात. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर नसतात. एल, एन, एस, झेड पण नसतात. म्हणजे तुम्हाला ओ किंवा शून्य वाटतंय ते बहुतेक डी, क्यू नाहीतर सी असतं, आणि ५ की एस असा वाद घालत बसलाय तर दोघंही नाहीत, ते ६ किंवा ८ असेल किंवा घासलेला बी. आमच्या स्टिकरवरची तिसरी ओळ अशीच सोडवली, मोबाइलचा टॉर्च आडवा धरला, फोटो काढला, काळा पांढरा केला, आणि जे वाचता येत नव्हतं तिथे यादीतलं एकेक बसवून बघितलं.

सीडीच पाहिजे का? पेनड्राइव्हने नाही होत?

सेव्हनला पेनड्राइव्ह उत्तम, रूफससारखं टूल घ्या, पार्टिशन एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीचं, ठेवा, झालं. एक्सपीचा सेटअप मात्र सीडीच्याच हिशोबाने बनवलेला आहे, पेनड्राइव्हवरून चालू होतो आणि मध्येच "सीडी कुठेय" म्हणून अडतो, त्यासाठी विनसेटअपफ्रॉमयूएसबी सारखं वेगळं टूल लागतं. होतं, पण माझं मत विचाराल तर ७०० एमबीची एक कोरी सीडी शोधा, कमी स्पीडवर बर्न करा, ८ किंवा १६, आणि मोकळे व्हा. जुना सीडी रॉम असेल तर त्याला डीव्हीडी देऊ नका, तो वाचणारच नाही, लोक अर्धा दिवस घालवतात त्यात.

नव्या लॅपटॉपवर एक्सपी टाकता येईल का?

नाही. नवे लॅपटॉप फक्त यूईएफआयवर, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीवर, चालतात, जुनं बायोस मोड त्यातून काढलेलंच आहे, आणि ३२ बिटची एक्सपी यूईएफआयवरून बूट होत नाही, जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीच्या पार्टिशनवाल्या, डिस्कवर बसत नाही. व्हर्च्युअल मशीन करा.

सीडीवरून बूट झालं, निळ्या स्क्रीनवर "विंडोज चालू करतोय" आलं आणि ढॅण, ७बी एरर.

हा सगळ्यात जास्त येणारा फोन. निळ्या पडद्यावर मोठ्या आकड्याच्या शेवटी ७बी दिसतं, अर्थ एवढाच की विंडोजला डिस्क सापडत नाहीये. डिस्क खराब नाही. बायोसमध्ये साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, नव्या एएचसीआयवर आहे आणि एक्सपीच्या सीडीत त्याचा ड्रायव्हरच नाही. बायोसमध्ये जाऊन मोड आयडीई करा, काही बायोसमध्ये त्याला कंपॅटिबल किंवा लेगसी म्हणतात, सेव्ह करा, परत चालू करा.

तो पर्यायच नसेल तर सेटअपच्या सुरुवातीला खाली एफ ६ दाबायला सांगतो तिथे दाबून ड्रायव्हर द्यायचा, पण तो फ्लॉपीवरूनच मागतो, आणि फ्लॉपी आता चोर बाजारात पण नशिबाने मिळते. त्यापेक्षा एनलाइट वापरून ड्रायव्हर आयएसओच्या आतच बसवा आणि नवीन सीडी बर्न करा.

याचाच एक भाऊ आहे. चांगली चालणारी एक्सपी एक दिवस अचानक ७बी द्यायला लागते, काही बदललेलं नसताना. तेव्हा घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा तो नाण्याएवढा सीआर २०३२ सेल उतरला की बायोस सगळं विसरतं आणि साटा मोड परत कारखान्यातल्या सेटिंगवर जातो. आमच्याकडे हे गणपतीच्या आदल्या आठवड्यात झालं, पावतीपुस्तकांची ऑर्डर डोक्यावर, मामा म्हणतोय व्हायरस आला, शेजारचा म्हणतोय हार्ड डिस्क उडाली, आणि दुरुस्ती काय तर घड्याळवाल्याकडचा एक सेल आणि बायोसमध्ये एक सेटिंग.

सेटअपमध्ये क्रमाने काय काय दाबायचं?

सीडी लावा, "कुठलीही की दाबा" आलं की दाबा, निळी स्क्रीन, एंटर, करारासाठी एफ ८, मग पार्टिशनची यादी. इथे थांबा आणि चहा प्या. खरंच. इथे डी अक्षर दाबलं की पार्टिशन उडतं, त्या लॅमिंग्टन रोडवाल्या पोराने हेच केलं होतं. फक्त सी ड्राइव्हची जागा निवडा, एनटीएफएस क्विक फॉरमॅट, बाकी कशालाही हात लावू नका. डिस्क जुनी आणि संशयास्पद असेल तर क्विक नको, पूर्ण फॉरमॅट करा, वेळ जातो पण खराब सेक्टर आधीच कळतात.

फायली कॉपी झाल्या की मशीन रिस्टार्ट होतं आणि परत "कुठलीही की दाबा" येतं. आता दाबायची नाही! दाबली की सेटअप परत पहिल्यापासून सुरू, लोक तीन तीन वेळा गोल फिरतात आणि मग मला सांगतात की आयएसओ खराब आहे.

त्यानंतर रंगीत स्क्रीन आणि "अंदाजे ३९ मिनिटं". ही ३९ मिनिटं घड्याळातली नाहीत, मनातली आहेत. ३४ वर येऊन ते हार्डवेअर शोधत बसतं, स्क्रीन एक दोनदा काळी होते, तिथे घाबरून बटण दाबू नका. अर्धा तास हाललंच नाही तर मात्र प्रिंटर, स्कॅनर, जास्तीचं कार्ड, सगळं काढून फक्त कीबोर्ड माउस ठेवून परत करा.

डिस्क ५०० जीबीची आहे, सेटअपला १२८ च्या आसपासच दिसते.

तुमची आयएसओ सगळ्यात पहिली एक्सपी आहे, सर्व्हिस पॅक (एसपी, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा दुरुस्त्यांचा गठ्ठा) नसलेली. तिला १३७ जीबीच्या पलीकडे मोजता येत नाही, कॉम्प्युटरच्या मोजणीने तेच १२८ होतात. एसपी १ पासून हे सुटलं. कमीत कमी एसपी २ वाली घ्या, शक्यतो एसपी ३, यूएसबी २ पण त्यातच नीट चालतं.

बसली एकदाची, पण आवाज नाही, नेट नाही, स्क्रीन फुगलेली दिसते.

ड्रायव्हर. हे फॉरमॅट करायच्या आधी करायचं काम होतं. आधीच्या चालू विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून प्रत्येक वस्तूचं नाव लिहून घ्या, लॅन कार्डचा ड्रायव्हर तरी आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, कारण लॅन नाही तर नेट नाही, आणि नेट नाही तर ड्रायव्हर नाही. पेनड्राइव्ह एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट केलेली असू द्या, एक्सपीला वेगळा अपडेट टाकल्याशिवाय एक्सएफएटी वाचता येत नाही.

आता उशीर झाला असेल तर पिवळ्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथे व्हेंडरचा आणि डिव्हाइसचा असे चार चार अक्षरांचे दोन कोड असतात, ते मोबाइलवर सर्च करा, कुठली चिप आहे ते लगेच समजतं. क्रम असा ठेवा, आधी चिपसेट, मग बाकी सगळं. "सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देतो" म्हणणारी फुकट टूलं टाकू नका, ड्रायव्हरबरोबर तीन टूलबार घेऊन येतात.

मराठी सगळं चौकोन चौकोन दिसतंय.

युनिकोड मराठी असेल तर एक्सपीत ते येतं, फक्त चालू करावं लागतं. कंट्रोल पॅनल, रीजनल अँड लँग्वेज, दुसरा टॅब, तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फायली बसवायची टिकमार्क आहे. ती केली की सीडी मागतो, द्या, रिस्टार्ट. मंगल फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट मराठी कीबोर्ड दोन्ही त्यातच आहेत. सेव्हनमध्ये हे काहीच करावं लागत नाही. विंडोज ९८ मध्ये विंडोजच्या पातळीवर युनिकोड देवनागरी नाहीच, ते विंडोज २००० पासून आलं.

जुने फॉन्ट असतील तर चौकोन नाही, इंग्रजी कचरा दिसेल, तेव्हा फॉन्ट फोल्डरमध्ये तो नेमका फॉन्ट टाका. नेमका म्हणजे नेमका, एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांमध्ये पण अक्षरांच्या जागा बदललेल्या असतात, "श्री गणेशाय नमः" च्या जागी भलतंच काहीतरी छापून येतं.

विंडोज ९८ टाकायचीय, गेमसाठी.

आवड आहे तर करा. सेकंड एडिशन घ्या. रिटेल सीडी स्वतः बूट होत नाही, बूट फ्लॉपी किंवा तिची इमेज लागते, मग एफडिस्क (पार्टिशन करायची कमांड), रिस्टार्ट, फॉरमॅट, मग सीडीवरून सेटअप. बूट फ्लॉपी मेमरीत एक रॅम ड्राइव्ह बनवते, त्यामुळे सीडीचं अक्षर एक पुढे सरकतं, डी समजून टाइप करत बसाल तर फाइल सापडत नाही म्हणेल, ई करून बघा. एफडिस्कला ६४ जीबीपेक्षा मोठी डिस्क मोजता येत नाही, आकडा भलताच दाखवतं. रॅम ५१२ एमबीपेक्षा जास्त टाकू नका, मेमरी जास्त असूनही "मेमरी पुरत नाही" म्हणून ओरडते, सिस्टिम फाइलमध्ये कॅशची मर्यादा लिहून ते सुटतं पण काडी काढून घेणं सोपं. नव्या प्रोसेसरवर व्हर्च्युअल मशीनमध्ये ९८ सारखी क्रॅश होते, खास करून रायझनवर, त्यासाठी पॅचर ९एक्स म्हणून एक पॅच आहे. खरं तर ९८ साठी ८६बॉक्स हे एम्युलेटरच बरं, ते अख्खं जुनं मशीन, साउंड कार्डासकट, उभं करतं.

सेव्हनच्या सेटअपमध्ये कीबोर्ड माउसच चालत नाही.

यूएसबी ३ चा ड्रायव्हर सेव्हनच्या डीव्हीडीत नाही. २००९ ची आहे ती. मशीनवर काळा यूएसबी पोर्ट असेल तर त्यात लावा, किंवा जुना पीएस २ कीबोर्ड. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून जुना यूएसबी कंट्रोलरच काढून टाकलाय, तिथे ड्रायव्हर आयएसओत घालूनच डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह बनवावी लागते. एनव्हीएमई, म्हणजे नव्या पद्धतीच्या एसएसडी, डिस्कचंही तेच.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे सगळ्यात सोपं ना?

हो, आणि दहातल्या आठ लोकांना तेवढंच पुरतं. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. एक्सपीला ५१२ एमबी रॅम, १० जीबी डिस्क भरपूर झाली. डिस्कचा कंट्रोलर आयडीई ठेवा, साटा ठेवला तर तोच ७बी इथे पण. नेटवर्क कार्ड पीसीनेट फास्ट थ्री निवडलं तर ड्रायव्हर शोधावा लागत नाही. आयएसओ बर्नच करायची नाही, सरळ सीडीच्या खोक्यात फाइल दाखवायची. सगळं बसलं की स्नॅपशॉट घ्या, मग पोरांनी कितीही खेळ केला तरी एका क्लिकमध्ये मागे.

आणि ती सुरुवातीला काढलेली इमेज आठवते? तिचंच रूपांतर करून व्हर्च्युअल डिस्क बनवता येते, म्हणजे जुनं मशीन जसंच्या तसं, वॉलपेपरसकट, नव्या मशीनमध्ये. कंट्रोलर बदलल्यामुळे पहिल्यांदा निळी स्क्रीन येऊ शकते आणि एक्सपी परत ॲक्टिव्हेशन मागू शकते, तेवढी तयारी ठेवा.

पेजमेकरच्या फॉन्टचा डोंगल आहे, तो चालेल का त्यात?

डोंगल म्हणजे पोर्टला लावायची छोटी वस्तू, ती असल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. यूएसबी डोंगल असेल तर बहुतेक चालतो, व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी फिल्टरमध्ये तो जोडून द्यायचा. पण मागे प्रिंटरच्या लांबुळक्या पोर्टला लावायचा पॅरलल डोंगल असेल तर डोकेफोड करू नका, खरं मशीनच ठेवा. मामाचा तसलाच आहे. कुणी चुकून काढू नये म्हणून त्याला चिकटपट्टी गुंडाळून वर देवळातला लाल दोरा बांधलाय. तो गेला तर फॉन्ट उघडत नाहीत, आणि नवीन मिळणार नाही. कॅबिनेट मागे भिंतीला टेकवू नका, तो डोंगल बाहेर आलेला असतो, धक्का लागून पोर्टच हलतं. आमचं मशीन म्हणूनच बाकड्यावर आडवं ठेवलंय, जमिनीवर ठेवायचं बंद, २६ जुलै २००५ ला तळमजल्यावरच्या किती जणांचे कॅबिनेट पाण्यात गेले ते मामाला पाठ आहे.

नेट लावू का?

लावू नका. क्रोम ४९ वर थांबलं, फायरफॉक्स ५२ वर थांबलं, अर्ध्या साइट उघडतच नाहीत कारण नवीन एन्क्रिप्शन तिला येत नाही. आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून पैसे मागणारा व्हायरस आला तेव्हा मायक्रोसॉफ्टला बंद केलेल्या एक्सपीसाठी खास पॅच काढावा लागला होता, त्यावरून समजा. फोल्डर शेअर करायचं म्हणाल तर एक्सपीला फक्त एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या फायली शेअर करायच्या पद्धतीची, पहिली आवृत्ती येते, विंडोज १० आणि ११ मध्ये ती बंद असते, आणि वॉनाक्राय त्याच वाटेने घुसला होता, तर उगाच चालू करू नका. पेनड्राइव्हने ने आण करा, ऑटोरन बंद करून. मामाकडे लॅनची वायर काढून पोर्टात कागदाचा बोळा घातलाय, म्हणजे कामाला आलेला नवा पोरगा मदत म्हणून लावून देत नाही.

मग सगळं युनिकोडमध्येच का नाही करून टाकत? एकदाची कटकट जाईल.

मजकूर होतो. कन्व्हर्टर मिळतात, जुन्या फॉन्टमधली ओळ टाकली की युनिकोड येते, जोडाक्षरं, रफार आणि "ऱ्या" तपासून घ्यावा लागतो, "सुऱ्यांचा" चा "सुर्यांचा" होतो आणि कुणाच्या लक्षात पण येत नाही. पण पेजमेकरमधली मांडणी, ती महिरप, गणपतीच्या दोन्ही बाजूंना ओळी बरोबर बसवलेल्या, ती येत नाही, ती परत करावी लागते. आम्ही असं करतो, जुना नमुना कुणी मागितला तर एक्सपीवर उघडायचा, पीडीएफ करायची, आणि त्याच दिवशी तो नव्या मशीनवर युनिकोडमध्ये परत बनवून ठेवायचा. न मागितलेले तसेच. आतापर्यंत दीडशेच्या आसपास झालेत. मामा अजून जुन्याच कीबोर्डवर टाइप करतो, नवीन मशीनला तो "तुझं मशीन" म्हणतो.